भाटीची माटी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्हाला फारसे काही वाटणार नाही. पिवळट पडलेला पडदा, पुसट झालेली कळफलकावरची अक्षरे आणि खाऱ्या हवेने गंजलेले स्क्रू, एवढाच मी. देवबागच्या वाचनालयातला जुना संगणक. पण माझी गोष्ट ऐकायला बसलाच आहात, तर सरळ सांगतो. ती थोडी भीती वाटावी अशी आहे आणि ती अजून संपलेली नाही.

माझे भाग कुठल्या कुठल्या कारखान्यांत तयार झाले आणि मुंबईच्या एका कचेरीत माझी जोडणी झाली. तिथे मी बोटींच्या येण्याजाण्याच्या वेळा दाखवत असे. पुढे नवे, चपटे संगणक आले आणि मला कोपऱ्यात सरकवले गेले. त्या कचेरीत विनीत नावाचा एक देवबागकर नोकरीला होता. त्याने मला मागून घेतले, गोधडीत गुंडाळले आणि गणपतीला गावी येताना बरोबर आणले.

एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची लांबट पट्टी, असे हे गाव. त्या पट्टीवर माड, घरे, होड्या आणि माणसे. काही ठिकाणी पट्टी इतकी चिंचोळी आहे की समुद्राच्या अंगाला उभे राहून हाक मारली तर खाडीतला होडीवाला मागे वळून बघतो.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. दहावीचा निकाल लागला की वाचनालयाच्या पायरीपर्यंत गर्दी व्हायची. मग प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. ग्रंथपाल सावित्रीबाईंनी जुन्या लुगड्याचा तुकडा माझ्यावर घातला. त्या रोज धूळ झटकायच्या, पण मला सुरू मात्र कोणी करत नसे. काळोखात बसून मी दोन्हीकडच्या पाण्याचा आवाज ऐकत राहायचो.

एके दिवशी कसालच्या शर्मिला मॅडम आल्या आणि माझ्यावरचे कापड निघाले. त्या या किनाऱ्याच्या इतिहासाचा अभ्यास करत होत्या. मालवणहून पूर्वी निघणाऱ्या एका साप्ताहिकाचे अंक त्यांनी घरोघरच्या माळ्यांवरून गोळा केले होते. प्रत्येक पानाचा फोटो काढला होता. फोटोतली अक्षरे यंत्राने वाचून लिहून काढली होती, पण यंत्र फार चुका करत होते. फाटलेल्या, वाळवी लागलेल्या कागदावर त्याला 'भ' आणि 'म' सारखेच दिसत. 'घर'चे 'धर' होई.

"यंत्र वाचेल, पण समजून घेणार नाही," मॅडम जमलेल्या लोकांना म्हणाल्या. "ते काम आपल्याला करायचं आहे. एकाने पान सुधारायचं, दुसऱ्याने पुन्हा तपासायचं. आणि एक लक्षात ठेवा. छापलंय तेच लिहायचं. आपल्याला आवडो न आवडो."

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. डाव्या बाजूला जुन्या पानाचा फोटो, उजव्या बाजूला यंत्राने वाचलेला मजकूर, आणि समोर माणसाचा चेहरा. मित्रांनो, वाचणारी माणसे संगणकाइतक्या जवळून कोणी पाहिली नसतील. मधल्या सुट्टीत शिक्षक येत. मासळी विकून झाल्यावर मथुराबाई येत आणि हात धुऊन, पदराला पुसून बसत. सगळे फुकट काम करत आणि उठताना खूश असत.

त्यांत सगळ्यांत उत्साही होता सत्यवान. तो सावित्रीबाईंचा धाकटा दीर. त्याची होडी होती आणि पर्यटकांना भाड्याने द्यायला चार खोल्या होत्या. त्याचा पणजोबा गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. त्याचे नाव कुठे सापडते का ते पाहायला म्हणून तो आला आणि एका पानावर त्याला ते खरोखरच सापडले. वादळातून गलबत सुखरूप आणल्याची दोन ओळींची बातमी. त्या दिवशी त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आत बोलावून ती वाचायला लावली.

त्याच सुमारास गावात एक मोठे काम निघाले होते. सत्यवानाचे वडील रामचंद्र आजारी असताना वारंवार म्हणत, वादळात गावाला एकत्र बसायला एक भक्कम छप्पर हवे. ते गेल्यावर सत्यवानाने आपली भाटीतली जमीन गावाला दिली. भाटी म्हणजे पट्टीचा सर्वांत चिंचोळा भाग. तिथे जाळी वाळत घालत, वस्ती नव्हती. तिथे रामचंद्रांच्या नावाचे सभागृह उभे राहायचे होते. वादळ आले की पोरेबाळे, म्हातारीकोतारी सगळी तिथे आसऱ्याला जाणार होती. वाचनालयही तिथेच हलायचे होते.

भूमिपूजनाच्या आधी एका दुपारी सत्यवान एकटाच माझ्यासमोर बसला होता. नवे पान उघडले. मजकूर असा होता:

'गेल्या अमावास्येच्या उधाणांत देवबाग येथें समुद्र भाटी फोडून खाडीस मिळाला. भाटींतील घरें व माणसें वाहून गेलीं. तेथें वस्ती करूं नये असें वृद्ध सांगत, तें कोणी मनावर घेतलें नाहीं.'

डावीकडच्या फोटोत 'भाटी' असे होते. उजवीकडे यंत्राने वाचले होते 'माटी'. समुद्र माटी फोडून खाडीस मिळाला. माटींतील घरें वाहून गेलीं. वाचणाऱ्याला वाटावे, समुद्राने माती फोडली, मातीची घरे गेली. खटकावे असे त्यात काहीच नव्हते.

सत्यवानाने ते वाचले. पुन्हा वाचले. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. त्याचे बोट कळफलकावरच्या 'भ'वर गेले आणि तिथेच थांबले. खिडकीबाहेर कोणीतरी त्याला भूमिपूजनाच्या मंडपाबद्दल हाक मारली. त्याने बोट उचलले, बाकीच्या सगळ्या चुका नीट सुधारल्या आणि 'वाचन पूर्ण' असे दाबून तो उठून गेला.

पान दुसऱ्या वाचनासाठी सावित्रीबाईंकडे आले. त्या सावकाश वाचणाऱ्या. त्या शब्दापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. संध्याकाळी सत्यवान पुस्तक परत करायला आला, तेव्हा त्यांनी त्याला बोलावले.

"भावजी, ह्यां पान तुमीच वाचलास मा?"

"होय."

"भाटीची माटी झाली हा."

"मशीनीन चूक केल्यान."

"मशीन चुकताच. म्हणान तर आमी हंय बसतंव."

सत्यवानाने दाराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "वयनी, परवा भूमिपूजन आसा. बाबांच्या नावाचो दगड घडवन इलो. आता ह्यां जुना पान कोण वाचता? ऱ्हवांदे ता."

"वादळ इला काय लोक पोराबाळांका घेवन थंयच जातले."

"आता दगडी बंधारो आसा. तेव्हा नव्हतो."

"मगे बंधारो पुरतलो काय नाय, ता लोक ठरवतले. त्यांका वाचूक तरी मेळांदे."

सत्यवान दारापर्यंत गेला आणि मागे वळून म्हणाला, "वयनी, तुमी आमच्याच घरातले. ह्यां इसरा नको."

तो गेल्यावर सावित्रीबाई बराच वेळ बसून राहिल्या. एक कळ दाबली असती तर काम झाले असते. पण त्यांचा नवरा वर्षातले बरेच महिने बोटीवर असे आणि आजारपणात, अडीअडचणीत हाच दीर धावून येई. त्याने स्वतःच ते सुधारावे असे त्यांना वाटत होते. त्यांनी पान तसेच अर्धवट ठेवले आणि मला बंद केले.

भूमिपूजन झाले. ढोलांचा आवाज वाचनालयापर्यंत आला. मग पाया भरला, भिंती उभ्या राहिल्या. गावातली माणसे सुट्टीच्या दिवशी जाऊन दगड वाहत, वाळू चाळत. सत्यवान आता वाचायला येईनासा झाला. शर्मिला मॅडम फोनवर विचारत, ते एक पान कुठे अडले आहे? सावित्रीबाई म्हणत, "बघते." त्यांचा आवाज दर वेळी अधिक हळू येई.

छप्पर चढले त्याच सुमारास समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. मालवण बंदरावर धोक्याचा बावटा लागला. होड्या वर ओढल्या गेल्या. उधाणाच्या दिवशी सकाळी सत्यवान सभागृहाचे सामान झाकायला गेला होता. दुपारी तो वाचनालयात आला तो गुडघ्यापर्यंत भिजलेला. त्याच्या पायांवर वाळू होती.

"काय झाला, भावजी?" सावित्रीबाईंनी विचारले.

"फेस जोत्याक लागलो," तो म्हणाला. "समुद्राच्या अंगान लागलो, ता मी समजान घेतलंय असतंय. मागे वळान बघतंय तर खाडीचा पाणीव वर इलेला. दोन्ही पाण्यांच्या मधी मी उभो."

तो माझ्यासमोर बसला. त्याने ते पान उघडले आणि 'म' पुसून 'भ' लिहिला. पुढच्या ओळीतलाही. नुसते एक अक्षर ते, मित्रांनो, पण ते लिहिताना त्याचे डोळे भरून आले होते.

त्यानंतरची ग्रामसभा वाचनालयाच्या अंगणात भरली. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले. सत्यवानाने बातमी वाचून दाखवली. मग सभागृहाच्या समितीचा सुदेश उठला.

"जमीन दिलंस, भूमिपूजन केलंस. लोकांनी दगड व्हायले. आता छप्पर चढला तेवा तुका दर्या दिसलो?"

"माका आदीच दिसलेलो," सत्यवान म्हणाला. "ह्यां पान मी भूमिपूजनाआदी वाचलेलंय. बाबांच्या नावासाठी गप ऱ्हवलंय. चुकलंय मी."

मला वाटले, आता लोकांना पटेल. झाले उलटेच.

"तेवा खोटा ठेवलंस, मगे आताचा खरा कशावरसून?" सुदेशने विचारले.

मागून कोणीतरी म्हणाले, "जमीन परत घेवची असतली. चार खोल्यो पुरत नाय त्याका." काही माणसे हसली. सत्यवान मान खाली घालून उभा राहिला.

तेव्हा सावित्रीबाई उठल्या. "माणसार ठेवा नको विश्वास. पानार ठेवा. भितर येवन बघा."

थोडेजण आत आले. त्यांनी माझ्या पडद्यावर वाकून पाहिले आणि, तेव्हाचा काळ वेगळा होता, असे म्हणत बाहेर गेले. मथुराबाई मात्र थांबल्या. त्यांनी भाटी या शब्दावर बोट ठेवले. "माझ्या आजयेचा म्हायार भाटीत होता," त्या म्हणाल्या. "थंय काय झाला, ता तिना कधी सांगूक नाय. आमी इचारला काय उठान जायची." एवढे बोलून त्याही उठून गेल्या.

सभागृह पुरे झाले. दारावर रामचंद्रांच्या नावाचा दगड बसला. ठरल्याप्रमाणे वाचनालय तिथे हलले आणि त्याबरोबर मॅडमनी जमवलेले जुने अंक आणि मीही. मित्रांनो, मी तुमच्याशी बोलतो आहे तो भाटीतून.

यंदाच्या पावसाळ्यात मोठे उधाण आले. वारा सुटला तशी माणसे बोचकी घेऊन सभागृहाकडे निघाली. दारात सत्यवान उभा होता. त्याने टेम्पो आणला होता. "हंय नको, मालवणाक चला," असे तो प्रत्येकाला विनवत होता. भांडणे झाली. मथुराबाई पहिल्या चढल्या. त्यांच्यामागून काही बाया मुलांना घेऊन चढल्या. बाकीचे त्याला बाजूला सारून आत शिरले. सावित्रीबाईंनी मला कपाटावर चढवले आणि त्याही टेम्पोतून गेल्या.

आत बसलेली माणसे गप्पा मारत होती. मी मात्र लाटा ऐकत होतो. पाणी पहिल्या पायरीला लागले, दुसरीला लागले. मग हळूहळू मागे गेले.

दुसऱ्या दिवशी लोक सत्यवानाला रस्त्यात थांबवून हसले. "खंय आसा तुझो दर्या?" असे विचारू लागले. पुढच्या वेळी टेम्पोत बसायला कोणी येईल की नाही, हे त्याला ठाऊक नाही. मलाही नाही. समोरचे सुरूचे झाड मात्र त्या उधाणात मुळासकट गेले. बंधाऱ्याचे दगड खाली सरकले आहेत. खाडीच्या बाजूच्या भिंतीला ओल धरली आहे आणि दर पौर्णिमेला ती थोडी वर चढते.

सावित्रीबाई आणि सत्यवान अजून माझ्यासमोर बसतात. आता ते शेजारी शेजारी बसून एकच पान दोघे वाचतात. दारातून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा जागी त्यांनी ती बातमी मोठ्या अक्षरांत लावली आहे.

मित्रांनो, मी जुना झालो आहे. माझी फार काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. पण तुमच्या घरी माळ्यावर जुने कागद असतील तर ते वाळवीला देऊ नका. वाचा, आणि छापले आहे तेच वाचा. त्यात आपल्या मनाविरुद्ध काही निघाले तर ते त्याच दिवशी चारचौघांत सांगा. उशिरा सांगितलेले खरे लोकांच्या कानापर्यंत पोचते, मनापर्यंत पोचत नाही.

उद्या अमावास्या आहे. खालच्या फळीवरचे अंक वर चढवायला सत्यवान सकाळीच येणार आहे.