धुतलेल्या बाटलीची जबानी

मी एक जुनी काचेची बाटली आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! नदीत विष्ठेतले जंतू किती आहेत हे तपासायचे, तर पाणी माझ्यातूनच प्रयोगशाळेत जाते.

बुधवार पेठेतल्या दुकानातून वासंतीबाईंनी मला कॉलेजात आणले, तेव्हा त्यांचे केस काळेभोर होते. दर सोमवारी त्या मला वाफेवर निर्जंतुक करतात, दोरी बांधून मुठेत सोडतात आणि बर्फाच्या डब्यातून परत नेतात. पाण्यात जंतू असले, की दुसऱ्या दिवशी तपासणीच्या नळ्यांत बुडबुडे धरतात. पूर्वी कॉलेजवाले पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. पुढे बुडबुडे वाढले आणि कौतुक आटले. आटेना का! मी खोटे बोलायला शिकले नाही.

यंदा घाटावर मुलांची पोहण्याची स्पर्धा ठरली. संयोजक दत्तप्रसाद भारी हौशी. पायऱ्या धुवायला त्यांनी जंतुनाशकाचा कॅन आणला होता. बाई बर्फ भरायला वळल्या, तेवढ्यात त्यांनी त्याच औषधाने मला खळखळून धुतले. तळाशी औषध राहिले, त्यात नदीचे पाणी भरले आणि सगळे जंतू मेले. नळ्यांत एकही बुडबुडा आला नाही. लगेच फलक लागला, 'नदी निर्मळ! रविवारी या!' मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

वासंतीबाईंनी मला हुंगले.

"अहो, बाटली धुतलीत?"

"मग? पारोशी बाटली नदीमाईत घालायची?"

"बाटली धुतलीत. आता नदी धुऊन दाखवा."

बाईंनी मला वाफेवर निर्जंतुक करून पुन्हा पाणी घेतले. या वेळी नळ्या बुडबुड्यांनी भरल्या. "फलक लागलेत, बाई. पहिलाच अहवाल राहू द्या," दत्तप्रसाद म्हणाले. शनिवारी बाईंनी घाटावर पाटी ठोकली: 'पाण्यात मैल्याचे जंतू आहेत. तरीही स्पर्धा घ्यायची असल्यास संयोजकांनी प्रथम स्वतः डोके बुडवावे.' शेजारी मला टांगले, नदीच्या पाण्याने काठोकाठ भरून.

रविवारी दत्तप्रसादांची मुलगी स्पृहा पोहायचा चष्मा लावून आली. तिने पाटी मोठ्याने वाचली.

"बाबा, आधी तुम्ही ना?"

सगळा घाट त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी चपला काढल्या, पाण्याकडे पाहिले आणि चपला पुन्हा घातल्या. "चला रे, पोहण्याच्या तलावावर चला," ते पुटपुटले.

मित्रांनो, माझ्या काठाचा टवका उडालाय. पण मला कपाटात मांडून माझा सत्कार करू नका, आणि नदीत सोडण्याआधी मला पवित्रही करू नका. उद्या सोमवार आहे. दोरी तेवढी घट्ट बांधा.