दाढ काढायची नाही

खुर्ची मागे कलली, दिवा तोंडावर आला आणि माझी ताई डॉक्टरला म्हणाली, "हिला कसलाही आजार नाही हो. साधी सर्दी नाही कधी."

सर्दी नाही, हे खरं. कॅन्सर झाला होता. जिभेच्या कडेला. तो कापला, मग जबड्यावर रेडिएशन दिलं आणि मी वाचले. आमच्या घरात याला 'ते' म्हणतात. माझ्या मुलीच्या लग्नाचं बोलणं सुरू झाल्यापासून 'ते'ही म्हणत नाहीत. स्थळ ताईने आणलं, आणि हा दातांचा डॉक्टर नवऱ्या मुलाचा सख्खा मामा. दाढ ठणकायला लागली तशी ताई मला दुसरीकडे जाऊच देईना. मी आले ती नुसती गोळी घेऊन निघायचं, या बोलीवर.

रेडिएशनच्या डॉक्टरीणबाईंनी मला आधीच बजावलं होतं. किरणांनी गाठ मरते, पण जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही होरपळतात. पुढे वर्षानुवर्षं त्या आक्रसत, बुजत जातात. हाड वरून धडधाकट दिसतं, पण त्याला रक्त पुरत नाही. अशात दाढ उपटली तर खड्डा भरून येईलच असं नाही. हाड उघडं पडतं, मरतं, कधी जबडाच कापावा लागतो. माझं इस्त्रीचं दुकान आहे, मला लगेच कळलं. फार तापलेली इस्त्री फिरलेला शर्ट घडीत छान दिसतो. अंगात घालून हात वर केला की टर्रकन फाटतो.

हे सगळं ताईला सांगून झालं होतं. तिचं म्हणणं, "डॉक्टर लोक घाबरवतातच. लग्न होऊ दे, मग गावभर सांग."

"तोंड फार कोरडं आहे तुमचं," डॉक्टर म्हणाला.

"पाणीच पीत नाही ती."

"गळ्यावरची कातडीही कडक लागतेय."

"दिवसभर वाफेत उभी असते ना."

बहीण कसली, वकील घेऊन आले होते.

"दाढ पार किडलीय. काढून टाकू."

"टाका, टाका," ताई म्हणाली, जशी काही तिचीच दाढ.

त्याने सुई भरली. मी तोंड मिटलं.

"घाबरते हो," ताई हसली आणि खालून माझ्या दंडाला चिमटा काढला. "उघड गं. मामा आहेत, परके नाहीत."

मी उठून बसले. "मला कॅन्सर झाला होता. जबड्याला रेडिएशन दिलंय. दाढ काढायची नाही."

त्याने सुई खाली ठेवली. ताई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

"मी विचारलं होतं ना?" तो तिला म्हणाला.

"लग्नघर आहे. लोक काय म्हणतील..."

"लोकांचा जबडा कापणार नाहीयेत, ताई. माझा कापतील."

"पोरीचं वाटोळं केलंस तू."

"पोरीला विचारलंस? मला चमच्याने भरवत होती ती. लपवू नका म्हणून तीच भांडतेय."

डॉक्टरने हातमोजे काढले. "दाढ ठेवू. आतली नस साफ करून मुळं बुजवू. आधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलतो."

ताईचा आवाज एकदम गोड झाला. "तुमच्या बहिणीच्या कानावर एवढं..."

"पेशंटचं मी बाहेर बोलत नाही."

ताईने सुस्कारा सोडला. झाकलं गेलं एकदाचं. म्हणजे लग्नात, बाळंतपणात, सणावारी मी गळा झाकून हसत बसायचं, आणि घास अडकला की ठसका लागला म्हणायचं. जन्मभर.

"तुम्ही नका बोलू," मी म्हटलं. "मी बोलते. तुमच्या बहिणीला फोन लावून द्या."

"अगं, वेड लागलंय का तुला?" ताई म्हणाली.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला.

"विहीणबाई, मी बोलतेय. मला कॅन्सर झाला होता, आता बरी आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगतेय. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. मला इथे दाढ वाचवायला बसायचंय."