चंद्रीची मालकीण

"सिद्धू आकाराम, पिंपरवाडी! म्हैस घेऊन म्होरं या!"

हलगीवाल्यानं पुकारा केला आणि सिद्धू धोतराचा सोगा सावरत जत्रेच्या मैदानात असा निघाला, की चंद्रीला जणू त्यानंच लहानाचं मोठं केलं होतं. मागून म्हशीचं दावं धरून त्याची थोरली बहीण बनाबाई चालली होती. नाव ऐकलं आणि तिचा पाय जागीच थबकला.

"माझं नाव लावतो म्हनला हुतास की रं," ती हळूच म्हणाली.

"आक्का, एकच की गं ते. चल, पंच थांबल्यात."

एकच कसं? नवऱ्यानं दुसरी बायको आणली तेव्हा बनाबाई जतकडचं सासर सोडून आटपाडीजवळच्या माहेरी आली होती. येताना तिनं डोरलं मागितलं नाही, भांडीकुंडी मागितली नाहीत. गोठ्यात मरायला टेकलेलं एक रेडकू होतं, तेवढं मागितलं. सासरची माणसं पोट धरून हसली. ते रेडकू म्हणजे ही चंद्री. लढाईच्या महागाईत माणसांच्या तोंडाला घास मिळत नव्हता, तेव्हा बनाबाई लोकांच्या रानात राबून मजुरीच्या बदल्यात चंद्रीसाठी सरकी मागून आणायची. सिद्धू मात्र ताकाला, लोण्याला आणि चारचौघांत 'आमची म्हस' म्हणून सांगायला तेवढा हजर.

आणि गावात बनाबाईला कुणी बनाबाई म्हणतही नव्हतं. 'सिद्धूची भण' म्हणत. जिनं त्याला कडेवर खेळवलं, तिची ओळख त्याच्या नावानं. म्हणूनच यंदा ती जत्रेतल्या दुधाच्या चढाओढीला उतरली होती. पहिल्या नंबराला जरीचा फेटा होता, पण तिला फेट्याचं काय करायचं होतं? भरल्या मैदानात आपलं नाव पुकारलेलं तिला एकदा ऐकायचं होतं.

रीत साधी होती. पंचांसमोर रेडकू सोडायचं, म्हशीनं पान्हा सोडला की ते बाजूला घ्यायचं आणि लगेच धार काढायची. बनाबाईनं चंद्रीचं रेडकू सोडलं. चंद्रीनं मान वळवून त्याला चाटलं, सड तटतटले. बनाबाईनं रेडकू ओढून बांधलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

"बसा की धारंला," बाळासो म्हणाले. पंचांतले ते थोरले.

"नाव कुनाचं पुकारलं?"

"सिद्धूचं."

"मग त्योच बसंल की."

मैदानात हशा झाला. सिद्धूनं दात-ओठ खात चरवी गुडघ्यांत धरली. आयुष्यात कासेला कधी हात न लावलेला माणूस! चंद्रीनं परका हात ओळखला आणि एक लाथ अशी घातली, की चरवी एकीकडे आणि सिद्धू शेणात.

"आक्का, खुळी का काय तू?" तो उठत ओरडला. "पान्हा जाईल!"

ते का बनाबाईला कळत नव्हतं? पान्हा सुटलेली म्हैस ताटकळत ठेवली की दूध वर चढवते, मग तिला कितीही चुचकारा. तिच्या डोळ्यांदेखत कास सैलावत होती. तिला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं. पण आज मागं सरली असती, तर उभा जन्म सिद्धूची बहीण म्हणूनच जायचा होता.

"माझं नाव पुकारा," ती म्हणाली. "मग बसते."

"बाईच्या नावानं जनावर लागलं न्हाई आजवर," एक पंच कुरकुरला.

"मग आज लावा."

"बरं बाई, नवऱ्याचं नाव सांगा. त्याच्यासकट पुकारू," बाळासो म्हणाले.

बनाबाई चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. गर्दीतून एक चावट आवाज आला, "लाजतीया! उखाण्यात घ्या, वयनी!"

तिनं त्या बाजूला वळून पाहिलं. "लाजाय काय झालं? माझ्या म्हशीला त्या मानसानं कवा गवताची काडी घातली न्हाई. त्याचं नाव कशापायी घिऊ?"

"मग बापाचं लावू," बाळासोंनी समजूत घातली.

"बा हुता तवा ही म्हस न्हवती. माझं येकलीचं लावा."

बाळासोंनी बाकीच्या पंचांकडे पाहिलं, मिशीतल्या मिशीत हसले आणि हलगीवाल्याला खूण केली. त्यानं हलगीवर टिपरू मारलं.

"बनाबाई, पिंपरवाडी!"

ती खाली बसली. चंद्रीच्या कुशीला कपाळ लावून तिनं धार धरली. पहिल्या धारा जोरात आल्या, मग बारीक झाल्या, मग थांबल्या. तिनं सड चोळले, गोंजारलं, नावानं हाक मारली. चरवी अर्धीच राहिली. फेटा दिघंचीच्या एका गड्याच्या डोक्याला बांधला गेला.

परतीच्या वाटेवर सिद्धू बराच वेळ पुढं चालत होता. एका लिंबाखाली थांबला आणि भडकला, "घालवलास न्हवं फेटा? तुझ्या हट्टापायी!"

"डोस्कं तुझं, फेटा तुझा. माझं काय गेलं?"

हे काही खरं नव्हतं. चंद्री किती दूध देते ते दुनियेला दिसायला हवं होतं. ते दिसलं नाही आणि आता दिसणारही नव्हतं. बनाबाईनं मनगटानं डोळे पुसले.

तेवढ्यात चंद्री हंबरली. चढलेलं दूध तिला जड झालं होतं. बनाबाईनं रेडकू सोडलं, आवरलं आणि लिंबाच्या सावलीतच बसली. आता धारा अशा लागल्या, की चरवी भरली, फेस काठावर आला आणि तिच्या हातांवरून ओघळून मातीत गेला, तरी कास आटेना. सिद्धू बघतच राहिला.

जत्रेहून परतणारी एक बैलगाडी थांबली. गाडीतली म्हातारी वाकून बघत सिद्धूला म्हणाली, "लय दुधाची हाय की! कुनाची रं म्हस?"

सिद्धूचं तोंड सवयीनं उघडलं. मग त्यानं उतू चाललेल्या चरवीकडं पाहिलं.

"आमच्या आक्काची," तो म्हणाला.

"नाव सांग," म्हशीच्या आडून बनाबाई म्हणाली. तिनं मानही वर केली नाही.

"बनाबाईची," तो पुटपुटला.

"मोठ्यानं सांग."