काट्यावरची प्रिस्का

"सगळ्यांनी पाठ फिरवा," प्रिस्का म्हणाली. "पुरिता काट्यावर चढतेय."

रांगेतल्या सगळ्यांनी निमूटपणे पाठ फिरवली. म्हाताऱ्या नादोनं तर टोपीसुद्धा डोळ्यांवर ओढली.

बाताने बेटांवर येणारं ते विमान केवढंसं! त्यात बॅगेसारखा माणूसही तोलून घ्यावा लागतो. प्रिस्का निम्मं आयुष्य त्या काट्यापाशी उभी होती. कोण बाळंतपणानंतर सुटली, कोण नवरा गेल्यावर वाळली, हे शेजारणीच्या आधी तिला कळायचं. पण आकडा वैमानिकाच्या कागदावर लिहायचा आणि विसरायचा, ही तिची रीत. तिच्या तोंडून कुणाचं वजन कधी बाहेर पडलं नाही. गाव तिला मानायचं ते एवढ्यासाठीच.

"किती भरलं गं, मानांग?" पुरितानं खालच्या आवाजात विचारलं. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं सगळं गाव प्रिस्काला मानांग म्हणायचं.

"नवरीच्या आईला शोभेल एवढं."

"नीट सांग ना, मेले!"

पुरिता लसणाची व्यापारी. एरवी तिचा आवाज बंदरापर्यंत जायचा, फक्त काट्यावर तो बसायचा. शनिवारी मनिलाला तिच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न होतं. समुद्रात वादळ उठलं होतं, आजचं विमान गेलं की ते सरेपर्यंत दुसरं येणार नव्हतं. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, तेव्हा पोरीच्या बाजूनं चर्चमध्ये बसायला आई सोडून कुणी नव्हतंच.

रांग संपली, प्रिस्कानं बेरीज केली. विमान काठोकाठ भरलं. तेवढ्यात दवाखान्याची जीप थेट विमानतळाच्या दारात येऊन थांबली. स्ट्रेचरवर प्रिस्काचा नवरा होता, सेतो. सकाळी पोट दुखतंय म्हणून स्वतःच्या पायांनी दवाखान्यात गेला होता.

"मानांग, आतड्याला पीळ पडलाय," नर्स मरिबेल म्हणाली. "हे ऑपरेशन इथं होण्यासारखं नाही. आजच न्यायला हवं. मी जाते बरोबर."

"प्रिस्का," सेतो कण्हत म्हणाला, "जाळी वाळत घातलीत. वादळाआधी आत घे."

"गप्प बस हो! जाळ्यांचं मी बघते."

तिनं त्याला स्ट्रेचरसकट तोललं, मग मरिबेलला. वैमानिक काप्तान बर्नाल जवळ आला. "वारा बघतेस ना, प्रिस्का. आज एक किलोही जास्त घेता येणार नाही. बसतं का, तूच सांग."

कागद तिच्याच हातात होता. दोन-चार आकडे कमी करून लिहिले असते तर कोण विचारणार होतं? मनात आलंच, का येऊ नये? नवरा होता तिचा! पण बाकावर बसलेली ती माणसं, तिनंच तोललेली, त्याच विमानानं समुद्रावरून जाणार होती.

"नाही बसत," ती म्हणाली आणि कागद छातीशी धरून उभी राहिली.

मग नादो म्हातारा उठला. जाकिटाच्या अस्तरातून त्यानं सुके मासे काढले आणि टेबलावर ठेवले. "काट्यावरून उतरल्यावर घातले होते, मानांग. दर वेळी घालतो. माफ कर."

त्याचं बघून मास्तरीणबाईंनी छत्रीतून लसणाच्या माळा ओढल्या. कुणाच्या बाहीतून रताळी निघाली, कुणाच्या टोपीतून सुपारी. बघता बघता टेबलावर बाजार भरला. सगळे आशेनं प्रिस्काकडे बघायला लागले.

प्रिस्काला रडावं की हसावं कळेना. "अरे देवा! हे तर मी मोजलंच नव्हतं! हे काढून जागा कुठली होणार?"

"म्हणजे इतकी वर्षं मी हे सगळं..." काप्तान म्हणाला आणि त्यानं छातीवर क्रूसाची खूण केली. सेतोसुद्धा कण्हता कण्हता हसला.

मग मात्र खरं सामान उतरायला लागलं. मोजलेलं, चिठ्ठी लावलेलं. पेट्या, पोती, नादोच्या नातवाची सायकल. कुणी कुरकुर केली नाही. प्रिस्का एकेक आकडा खोडत गेली. तरी पुरेना.

"अजून किती हवंय?" पुरितानं विचारलं.

"नको, पुरिता. तुझ्या पोरीचं लग्न आहे."

"ते मला ठाऊक आहे. काप्तान, माझा आकडा वाच. मोठ्यानं वाच!"

काप्ताननं प्रिस्काकडे बघितलं, तिच्या हातातला कागद घेतला आणि आकडा वाचला. या वेळी कुणी पाठ फिरवली नव्हती, आणि कुणी हसलंही नाही.

"आता मी उतरले. बसतो का सेतो?"

"बसतो," काप्तान म्हणाला. "नर्सही बसते."

विमान डोंगराच्या बाजूनं वळून ढगात शिरलं. प्रिस्काला काही बोलायचं होतं, पण पुरिता तरातरा चालत घरी निघून गेली.

शुक्रवारी फोन बंद पडण्याआधी निरोप आला, ऑपरेशन झालं, सेतो शुद्धीवर आहे. प्रिस्का जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली. मग उठून तिनं डुकराचं मटण शिजायला ठेवलं.

शनिवारी ती मटणाचं भांडं कवटाळून, भिंतींचा आधार घेत, वाऱ्याशी झगडत पुरिताकडे पोचली. दार ढकललं तर काय! खिडक्या दोरांनी करकचून बांधलेल्या, मेणबत्ती लावलेली आणि पुरिता निळ्या रेशमी झग्यात, केसांत फुलं माळून खुर्चीवर बसलेली.

"अशी का बसलीस गं?"

"आत्ता चर्चमध्ये असेल माझी पोर. लग्नात आईनं घरच्या कपड्यांत बसावं का?"

"दिओस मामाहेस, पुरिता," प्रिस्का कशीबशी म्हणाली. देव तुला याचं फळ देवो. बेटावर दिवसातून दहादा म्हणायचे शब्द ते, पण त्या दिवशी तिला ते पुरेनात. "माझा माणूस तुझ्यामुळं आहे गं."

"माहितेय. भांडं ठेव खाली, झाकण उडेल."

प्रिस्कानं ओला कोट काढला, परकर नीट केला. "तुझ्या शेजारची खुर्ची कुणाची?"

"नवरीच्या मावशीची."

प्रिस्का तिथं बसली. बाहेर छपरं कडकडत होती. दोघी हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिल्या. मग पुरिता हळूच म्हणाली, "आली असेल आता नवरी आत. चर्चमध्ये सगळे उठले असतील," आणि उठून उभी राहिली.

प्रिस्काही उठली.