बिस्किटाचं प्रभुभोजन

चर्चच्या पाळकसाहेबांना कधी कशाचं कोडं पडायचं नाही. चमत्कार म्हणा, स्वर्ग म्हणा, दर रविवारी सगळं उलगडून, घड्या घालून मंडळींच्या हातात! प्रभुभोजनाआधी तर त्यांचं ठरलेलं वाक्य असायचं, "ही साधी भाकर आहे. प्रभू येशूची आठवण म्हणून खायची. त्यात गूढबीढ काही नाही." लोकही खूश. उपासना वेळेत संपायची ना!

त्यांच्या सासूबाई पलीकडच्या गल्लीत राहायच्या, अंथरुणाला खिळलेल्या. पोटची मुलगीसुद्धा ओळखू येईना. भरवलेला घास थुंकून टाकायच्या. तरी बायकोने हट्टच धरला, "अहो, आईला एकदा प्रभुभोजन द्या. आणि नीट द्या हं, उरकून टाकू नका. मी येतेच औषधं घेऊन."

"त्यांना काय कळणार आहे आता?" असं पुटपुटत साहेब निघाले.

तिथे जाऊन पिशवी उघडतात तर काय, भाकरीची पुडी घरीच! आता परत कोण जाणार? उशाशी बिस्किटांचा डबा होता. साहेबांनी त्यातलं एक उचललं. नाहीतरी नुसती खूणच ना, मग काय फरक पडतो? निम्मी प्रार्थनाही गाळली आणि बिस्कीट पुढे केलं.

सासूबाईंनी ते लगेच घेतलं नाही. आधी केस मागे सारले, पांघरूण सारखं केलं. कोपरावर जोर देऊन धडपडत उठून बसल्या. मग ओंजळ पुढे केली, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

अशा ओंजळीत डब्यातलं बिस्कीट! साहेबांना हात मागे घ्यावासा वाटला, पण तोवर ते ओंजळीत पडलं होतं. सासूबाईंनी ते मोडलं. अर्धं स्वतः खाल्लं, थुंकलं नाही. अर्धं साहेबांच्या ओठांशी धरलं.

"घे बाळा. तूही घे."

तो घास गिळताना साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागे वळून बघतात तो दारात बायको. एका हातात औषधं, दुसऱ्या हातात विसरलेली पुडी. तिची नजर उघड्या डब्यावर गेली.

"शी!" एवढंच ती म्हणाली. मग पुढे होऊन पुडी त्यांच्या हातात कोंबली. "आता तरी नीट द्या."

साहेबांनी पुडी उघडली. ठरलेलं वाक्य जिभेवर आलं, पण बाहेर पडेना.

"हे काय आहे..." ते बायकोकडे वळून म्हणाले, "मला नाही गं माहीत. इतकी वर्षं नुसता बोलत आलो."

सासूबाईंची ओंजळ पुन्हा पुढे आली होती. साहेबांनी गुडघे टेकले, तेव्हा कुठे त्यांना भाकर धरलेला हात पुढे करायचा धीर झाला.