तिसऱ्या मजल्याचा हक्क

हे घडलं १९७५ साली, अमेरिकेतल्या आमच्या गावात. बुटांचा कारखाना बंद पडला होता आणि नदीकाठच्या आमच्या गल्ल्यांतली माणसं एकेक करून कामासाठी कनेटिकटकडे निघाली होती. आमच्या इथली घरं लाकडी, तीन मजली. एकावर एक तीन बिऱ्हाडं, मागच्या बाजूला प्रत्येक मजल्याची ओसरी, आणि ओसरीपासून अंगणातल्या खांबापर्यंत कप्पीवर फिरणारी कपड्यांची दोरी. टेकडीवरच्या लोकांना ही दाटी कधीच आवडली नाही, आणि नगरपालिकेत तेच बसत. त्यांनी नियम केला: इथून पुढे या भागात एका घरात एकच कुटुंब. जुनी घरं आहेत तशी चालतील, पण एखादा मजला सलग सहा महिने रिकामा राहिला, तर तिथे पुन्हा बिऱ्हाड ठेवता येणार नाही.

फ्लोरीन गानिऑन विधवा होती. घर तिचंच, ती तळमजल्यावर राही. मधल्या मजल्यावर भाडेकरू जर्मेन होती, आणि सगळ्यात वर ऑनेझिम बुशार. हा ऑनेझिम कारखान्यात चामडं कापायचा. बायको-मुलं नाहीत, बोलणं बेताचं. सोमवार आला की आपले शर्ट स्वतः धुवायचा आणि कॉलरला चिमटे लावून वाळत घालायचा. बायका शर्ट खालच्या कडेने टांगतात, म्हणून सगळ्या गल्लीत त्याची दोरी लांबून ओळखू यायची.

आदल्या ऑक्टोबरात तो कॅनडात बहिणीकडे गेला आणि तिथेच वारला. बहिणीचा फोन आला. "पुरला इथेच आहे," ती म्हणाली. "पण त्याच्या नावाची, आत्म्याच्या शांतीची मिस्सा तुमच्या चर्चमध्ये सांगा, बाई. त्याचा जन्म गेला तिथे. नाव वाचलं गेल्याशिवाय त्याला कळायचं कसं?"

फ्लोरीन हो म्हणाली. पण त्याच आठवड्यात तिच्या लेकीचा, ल्युसीलचा, फोन आला. नवरा निघून गेला होता. मुलींची शाळा जूनमध्ये संपली की ती घरी येणार होती. "वरचा मजला मला ठेव, आई," ल्युसील रडत म्हणाली. "तुझ्या दोन खोल्यांत आम्ही तिघी कुठे मावणार?"

जूनपर्यंत सहा महिने कधीच उलटून गेले असते. आणि मिस्सा सांगितली की रविवारी वेदीवरून नाव वाचलं जाणार, सगळ्या गल्लीला कळणार. फ्लोरीन गप्प बसली. हे तिने केलं. आमच्यात माणसं भांडतात, वर्षानुवर्षं अबोला धरतात, पण मेलेल्याची मिस्सा कुणी अडवून ठेवत नाही.

"म्हातारा आला का गं कॅनडाहून?" जर्मेनने जिन्यात विचारलं.

"आला," फ्लोरीन म्हणाली.

"तरीच. वर नुसत्या फेऱ्या मारत असतो. सांग त्याला, निदान बूट तरी काढ म्हणावं."

फ्लोरीनने मान हलवली आणि ती खाली आली. उंदीर असतील, असं तिने ठरवलं.

त्यानंतर दर सोमवारी ती मागच्या जिन्याने वरच्या ओसरीवर जाई आणि तिथल्या पेटीतले त्याचे जुने शर्ट ओले करून दोरीवर टांगी, म्हणजे गल्लीला तो घरीच आहे असं वाटावं. खोलीत मात्र कधी जात नसे. फेब्रुवारीत तिला ताप भरला. त्या सोमवारी ती अंथरुणातून उठलीच नाही. दुपारी खिडकीतून पाहिलं तर वरच्या दोरीवर शर्ट होते. थंडीने फळीसारखे कडक झालेले, आणि कॉलरने टांगलेले.

तूच टांगलेस का, असं जर्मेनला विचारावं असं तिला वाटलं. पण जर्मेन नाही म्हणाली असती तर?

मे महिन्यात नगरपालिकेचा हॅस्केल आला. टेकडीवरचा माणूस, सरळ आणि चिवट. कुणीतरी तक्रार केली होती.

"वर कोण राहतं, मिसेस गानिऑन?"

"मस्यू बुशार. झोपले असतील आत्ता. म्हातारा माणूस."

"मी हळू दार वाजवतो," म्हणत तो चढूही लागला. फ्लोरीन जिन्याशीच थांबली. आता सगळं संपलं, तिला वाटलं. वर दार वाजलं. दार उघडलं. हॅस्केलचा आवाज आला, आणि मग दुसरा आवाज, बेताचं बोलणारा.

हॅस्केल हात चोळत खाली आला. "माझी हरकत नाही. पण स्टोव्ह लावायला सांगा त्यांना. हात बर्फासारखा आहे. मी विचारलं, मुक्काम किती दिवस? तर म्हणाले, बाई सांगेपर्यंत मी कुठे जात नाही."

जूनमध्ये ल्युसील आली. दोन मुली, चार बॅगा. वरच्या मजल्याच्या दारात किल्ली फिरली, पण दार उघडेना. आतून कडी होती.

"आत कोण आहे, आई?"

फ्लोरीनने मुलींना खाली पाठवलं. "रेटू का?" ल्युसीलने विचारलं. "सुतार बोलावू?"

"नको." फ्लोरीन दाराजवळ गेली. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ल्युसीलने आईचा दंड घट्ट धरला.

"ऑनेझिम," फ्लोरीन दाराला तोंड लावून म्हणाली, "तुमच्या बहिणीचा निरोप होता. मी चर्चमध्ये दिला नाही. रविवारी देते."

ल्युसीलला तिने जिन्यातच सगळं सांगितलं. "मग हा मजला जाईल," ल्युसील म्हणाली. "मला ठाऊक आहे," फ्लोरीन म्हणाली.

रविवारी नाव वाचलं गेलं, मृत्यूच्या तारखेसकट. जर्मेनने बाकावरून वळून तिच्याकडे पाहिलं, ते पाहणं फ्लोरीन जन्मभर विसरली नाही. दुपारी दार हात लावताच उघडलं. जमिनीवर सगळीकडे आठ महिन्यांची धूळ होती. तीत एकाच माणसाच्या बुटांचे ठसे होते, हॅस्केलचे. दारापासून खुर्चीपर्यंत गेलेले आणि परत आलेले. खुर्चीवरची धूळ जशीच्या तशी होती.

नगरपालिकेने तो मजला बंद केला. खोटं बोलल्याबद्दल फ्लोरीनवर काही कारवाई झाली नाही, कारण तसं करायचं तर हॅस्केलला वर कोण भेटलं ते सांगावं लागलं असतं. त्याने त्याच उन्हाळ्यात नोकरी सोडली आणि समुद्राकाठी भावाच्या होड्या रंगवू लागला. जर्मेन पुढच्या वसंतात मुलाकडे निघून गेली. तिने फ्लोरीनशी पुन्हा बोलणं ठेवलं नाही. मधल्या मजल्याचं भाडं लागायचं, म्हणून फ्लोरीन, ल्युसील आणि दोन्ही मुली त्या दोन खोल्यांतच राहिल्या. फ्लोरीन १९८३ मध्ये गेली, आणि तिची मिस्सा ल्युसीलने दुसऱ्याच दिवशी सांगितली. ल्युसीलने इस्पितळाच्या स्वयंपाकघरात नोकरी केली. मुली लग्न करून लांब गेल्या. आता तोच नियम उलटा झाला आहे, नगरपालिका म्हणते मजले भरा. ल्युसीलला पत्र आलं होतं. तिने वरचा मजला काही भाड्याने दिला नाही.