आज कान कोण?

हेडफोनच्या गादीवरचं काळं रेक्झिन जुनं होऊन सोलवटलं होतं. त्याचा तांदळाच्या दाण्याएवढा कपटा काकांच्या कानाच्या पाळीला घामाने चिकटला होता. काका बोलले की तोही हलायचा.

काका म्हणजे विमानाचे कॅप्टन. सगळे त्यांना काकाच म्हणत. प्रवासी उतरले होते आणि वैमानिकांच्या खोलीत परतीच्या उड्डाणाची वाट बघणं चाललं होतं. त्यांची सहवैमानिक समोर बसून त्या कपट्याकडे बघत होती. तिला शिसारी आली होती. ती काकांची की स्वतःची, हे तिने ठरवायचं टाळलं होतं.

काकांना नीट ऐकू येत नाही, हे सगळ्या सहवैमानिकांना ठाऊक होतं. पण माणूस मायाळू, निवृत्ती जवळ आलेली. मग कशाला कुणाच्या पोटावर पाय द्या? म्हणून एक रीत पडून गेली होती. विमानतळाच्या टॉवरची सूचना आली की रेडिओवर उत्तर द्यायचं, आणि मग तीच सूचना स्वतःशी बोलल्यासारखी, पण खणखणीत आवाजात म्हणायची. ज्याची पाळी असेल त्याला बाकीचे डोळे मिचकावून विचारत, "आज कान कोण?"

बहुतेक वेळा कान तीच असायची. तिला कॅप्टन करायची शिफारस काकांनी लिहायची होती. आता बोलायचंच, असं ती दर उड्डाणानंतर ठरवायची. मग काका डोक्यावर टपली मारून "गुणाची पोर!" म्हणायचे आणि बोलणं पुढच्या उड्डाणावर जायचं.

आज उतरल्यावर टॉवरने बजावलं होतं, दुसरी धावपट्टी ओलांडू नका, अलीकडेच थांबा. तिने रेडिओवर उत्तर दिलं आणि तिला ठसका लागला. खणखणीत बोलणं राहून गेलं. काका शीळ घालत विमान पुढे नेत राहिले. तिने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. विमान थांबण्याच्या रेषेच्या जेमतेम अलीकडे गचकन थांबलं आणि समोरून दुसरं विमान धडधडत उतरून गेलं.

"ब्रेक जरा कडक झालेत, नाही?" काका म्हणाले होते. मागच्या सीटवर निरीक्षणाला बसलेली नवी सहवैमानिक हे सगळं बघत होती.

आता काका त्या नवीला उपदेश करत होते.

"कामाचा सहवैमानिक कसा ओळखायचा? नव्या सुनेसारखा असतो तो. सगळं बघतो, बोलत काही नाही!" ते स्वतःच खो-खो हसले. बिस्किटाचा ओला चुरा त्यांच्या टायवर उडाला. "हिच्याकडून शीक. हिच्यासारखी उपयोगी पोर शोधून सापडायची नाही."

नवी तिच्याकडे झुकली. "ताई, पुढच्या आठवड्यात मी आहे यांच्याबरोबर. कान मीच ना? बघा हं, जमतंय का." आणि हनुवटी उचलून, छातीतून आवाज काढत ती म्हणाली, "अलीकडेच थांबायचंय बरं का!"

हुबेहूब आपलाच सूर तिला ऐकू आला. तोच लाडिक, बेफिकीर सूर. पलीकडच्या टेबलावरचे दोघे सहवैमानिक फिदीफिदी हसले. "पास झाली गं!"

हे आपण शिकवलं, तिला वाटलं. आणि या पोरीलाही उद्या ठसका लागेल.

"काका," ती खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्हाला ऐकू येत नाही. परतीला मी तुमच्याबरोबर उडणार नाही."

काकांनी प्रसन्नपणे मान डोलावली. "हो, हो. शाबास! चहा सांग सगळ्यांना."

ती उभी राहिली आणि त्यांच्या खुर्चीसमोर गेली. नवी म्हणाली, "ताई, राहू दे ना."

"काका!" ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही! मी तुमच्याबरोबर उडणार नाही, आणि कुणालाच उडू देणार नाही. हे मी आत्ता ऑफिसात जाऊन सांगतेय!"